कृतज्ञतेच्या वहीत नेमकं काय लिहायचं

'आई, बाबा, घर, नोकरी, तब्येत.' कृतज्ञतेची वही, म्हणजे ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं त्या गोष्टी लिहून ठेवायची वही, सुरू करणाऱ्या बहुतेकांचं पहिलं पान असं असतं. दुसऱ्या दिवशी त्यात मुलं आणि मित्र येतात, तिसऱ्या दिवशी पाऊस आणि चहा. चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा आई-बाबा. मग वही कपाटात जाते आणि 'यात काही अर्थ नाही' असा निष्कर्ष निघतो. तो निष्कर्ष घाईचा आहे. वहीत उतरली होती ती नुसती शीर्षकं. मजकूर लिहायचा राहूनच गेला.

आपलं मन वाईट गोष्ट पटकन टिपतं आणि घट्ट धरून ठेवतं. चांगल्या गोष्टीची मात्र त्याला लवकर सवय होते. ठाण्यात घोडबंदर रोडला नवीन घराची चावी हातात येते त्या दिवसाचा आनंद वर्षभरात हप्त्याच्या तारखेखाली दबून जातो. घर तेच, खिडकीतून दिसणारा येऊरचा डोंगरही तोच. पण मनाच्या लेखी आता ते असतंच. वहीत 'घर' एवढं लिहून ही सवय मोडत नाही, कारण तो शब्दही तितकाच सवयीचा झालेला असतो. सवय मोडते ती तपशिलाने. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेवा, कारण पुढच्या सगळ्या सूचना त्यातूनच निघतात.

या विषयावरचं संशोधन बरंच आहे आणि त्यातलं थोडं माहीत असलं की वही लिहिताना उपयोगी पडतं. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले आणि त्यांना आठवड्यातून एकदा लिहायला सांगितलं. एका गटाने ज्यांबद्दल कृतज्ञ वाटलं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने आठवड्यातल्या कटकटी, तिसऱ्याने नुसतं काय घडलं ते. अडीच महिन्यांच्या आसपास हे चाललं. पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकंदरीत बरं वाटत होतं, त्यांच्या शारीरिक कुरबुरी कमी होत्या आणि ते व्यायामही जास्त करत होते. पुढे २००५ मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळी पद्धत तपासली. आठवडाभर रोज रात्री, त्या दिवशी चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येक गोष्ट का झाली तेही लिहायचं. गंमत अशी की आठवडा संपल्यासंपल्या आनंदाच्या मापात फारसा फरक दिसला नाही. तो महिन्याभराने दिसू लागला आणि सहा महिन्यांनंतरही टिकून होता, विशेषतः ज्यांनी आठवड्यानंतरही आपणहून लिहिणं चालू ठेवलं त्यांच्यात.

त्यातला 'का झाली' हा भाग बहुतेक लोक गाळतात. माझ्या मते सगळा जीव तिथेच आहे.

एक नोंद कशी लिहायची

एका बैठकीला तीन नोंदी पुरेत. पाच ओढूनताणून लिहिण्यापेक्षा दोन नीट लिहिलेल्या बऱ्या. प्रत्येक नोंद तीन-चार ओळींची. पहिल्या ओळीत घटना: केव्हा, कुठे, काय. दुसऱ्या ओळीत ती कोणामुळे किंवा कशामुळे घडली. तिसऱ्या ओळीत त्या माणसाला त्यासाठी काय पडलं. वेळ, कष्ट, पैसे, झोप, गैरसोय, जे काही असेल ते. आणि शेवटी, हे झालं नसतं तर माझा दिवस कसा गेला असता.

उदाहरण घेऊ. 'लोकलमध्ये बसायला मिळालं' ही नोंद निरुपयोगी आहे. उद्या वाचलीत तर काहीच आठवणार नाही. तीच अशी लिहा: 'मंगळवारी सकाळी ठाण्याहून स्लो गाडी. भांडुपला खिडकीतल्या बाईंनी मांडीवरची पिशवी वर ठेवायला दिली, तिघींना सरकायला सांगितलं आणि चौथी सीट करून दिली. त्या स्वतः अर्ध्या वाकून बसल्या. आदल्या रात्री पाठ धरली होती. दादरपर्यंत उभं राहावं लागलं असतं तर ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसवलं नसतं.' हे लिहायला दोन मिनिटं लागतात. पण लिहिताना त्या बाईंचा चेहरा पुन्हा डोळ्यांपुढे येतो, आणि परिणाम होतो तो त्या पुन्हा येण्याने.

दुसरं उदाहरण. 'मावशी कामाला आल्या' याऐवजी: 'गुरुवारी वंदना टॉकीजजवळ गुडघाभर पाणी होतं. मावशी रिक्षा सोडून चालत आल्या, पायांना डेटॉल लावून घेतलं आणि आईच्या डब्याच्या पोळ्या नेहमीच्या वेळेला केल्या. त्या आल्या नसत्या तर मला पहिली मीटिंग सोडावी लागली असती.' अशी नोंद केली की पुढचा विचार आपोआप येतो: भरपावसात येणाऱ्या माणसाचा त्या दिवसाचा रिक्षाखर्च कोणी द्यायचा? तो विचार आला की त्याच दिवशी कृती करावी. घरकाम करणाऱ्या बाईंबद्दल वहीत पानभर लिहून पगार दहा तारखेपर्यंत लांबवणं, सुट्टीचे पैसे कापणं, हे चालायचं नाही. पगार ठरलेल्या तारखेला, भरपगारी सुट्ट्या, दरवर्षीची वाढ, दिवाळीचा बोनस, आणि त्यावर दोन गोड शब्द. क्रम हाच.

प्रत्येक चांगल्या गोष्टीमागे दुसरा माणूस असतोच असं नाही. उपवन तलावाच्या काठावर सकाळी मिळालेला वारा, स्वतः तीन आठवडे नेटाने केलेल्या अभ्यासामुळे बरा गेलेला पेपर, या नोंदीही चालतात. 'का' या ओळीत स्वतःचं नाव लिहायला संकोच करू नका. स्वतःच्या कष्टाची नोंद न घेणारी माणसं दुसऱ्याच्या कष्टाचीही नोंद नीट घेऊ शकत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे.

किती वेळा, कधी, कशावर

साधी शंभर पानी एकरेघी वही घ्या. महागड्या, जाड कागदाच्या, छापील प्रश्नांच्या वह्या घेऊ नका. त्यात वाईट अक्षरात लिहायची भीती वाटते आणि छापलेले प्रश्न पंधरवड्यात कंटाळवाणे होतात. पेन वहीलाच अडकवून ठेवा. पेन शोधायला उठलं की फोन दिसतो, आणि फोन दिसला की संध्याकाळ गेली.

फोनवर लिहावं का? ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ऐरोली, घणसोली, वाशीला जाणाऱ्यांना गाडीतला वेळ मोकळा असतो, त्यामुळे मोह होतो. गाडीत फोनवर दोन शब्दांचं टिपण ठेवायला हरकत नाही: 'चौथी सीट', 'सेक्रेटरींचा मेसेज'. पूर्ण नोंद मात्र कागदावरच करा. हाताने लिहिताना वेग कमी होतो आणि तो कमी व्हायलाच हवा.

पहिला आठवडा रोज लिहा, सात रात्री. हा शिकण्याचा आठवडा. त्यानंतर मात्र रोज लिहू नका. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, पण त्याला आधार आहे. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी सहा आठवड्यांचा प्रयोग केला होता. त्यात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. बहुधा वारंवारता वाढली की ते काम होऊन बसतं आणि ताजेपणा जातो. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून एक किंवा फार तर दोन वार ठरवा. रविवार रात्र टाळा, तेव्हा सोमवार डोक्यात शिरलेला असतो. बुधवार किंवा शुक्रवार चांगला.

वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला बांधा. 'रात्री दहाला लिहीन' हे टिकत नाही, कारण गाड्या लेट होतात, जेवण लांबतं. 'ओटा पुसून झाला की लिहीन', 'मुलांचं दप्तर भरलं की लिहीन', 'आईला औषध दिलं की लिहीन', हे टिकतं. दहा ते बारा मिनिटं लागतात. त्यापेक्षा जास्त लागत असतील तर तुम्ही निबंध लिहिताय.

झोपेच्या आधी लिहिण्याचा एक वेगळा लाभ आहे. कृतज्ञ वृत्तीच्या लोकांना झोप बरी लागते, असं ब्रिटनमधल्या ॲलेक्स वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, आणि त्याचं कारणही शोधलं: उशीवर डोकं टेकल्यावर त्यांच्या मनात येणारे विचार कमी त्रासाचे असतात. ज्यांना अंथरुणावर पडल्यावर उद्याची कामं घेरतात त्यांनी वहीचं काम अगदी शेवटी ठेवावं आणि त्यानंतर फोन हातात घेऊ नये.

एखादा वार चुकला तर चुकला. मागची भरपाई म्हणून सहा नोंदी एकदम लिहू नका. पुढच्या ठरलेल्या वारी तीन लिहा आणि पुढे चला.

कुठे बिघडतं

सगळ्यात नेहमीचं बिघडणं म्हणजे पुनरावृत्ती. त्याला एक नियम पुरतो: तेच माणूस पुन्हा आलं तर चालेल, पण नव्या कृतीसह. नवऱ्याबद्दल, बायकोबद्दल, सासूबाईंबद्दल दहादा लिहा. दर वेळी वेगळी घटना हवी. घटना सापडत नसेल तर नाव लिहू नका. तरीही अडलं तर क्षेत्र बदला. एकदा फक्त प्रवासातल्या गोष्टी, एकदा फक्त सोसायटीतल्या, एकदा फक्त शरीराच्या (गुडघा आज जिने चढताना दुखला नाही, हीसुद्धा नोंद आहे), एकदा फक्त वीस वर्षांपूर्वीच्या.

दुसरं बिघडणं जास्त फसवं आहे. 'समोरच्या झोपडीत राहणाऱ्यांकडे बघा, आपलं किती बरं आहे.' वाक्यात दुसऱ्याचं दुर्दैव आलं की ती नोंद खोडा. ती तुलना आहे. तिने क्षणभर हायसं वाटतं, मग अपराधी वाटतं, आणि पुढे कोणीतरी आपल्यापेक्षा वर दिसलं की तोच तराजू उलटा फिरतो. तुमच्या नोंदीत तुमच्यासाठी झालेली गोष्ट आणि ती करणारा, एवढंच असू द्या.

तिसरं, उपकाराचं ओझं. काही माणसं मदत करतात आणि वर्षभर आठवण करून देतात. त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की छातीवर दडपण येतं आणि 'मी कृतघ्न आहे का' असा प्रश्न पडतो. तसं काही नाही. देणाऱ्याने परतफेडीची अपेक्षा जितकी ठेवली तितकी घेणाऱ्याच्या मनात कृतज्ञता कमी आणि ऋणको असल्याची भावना जास्त, हे संशोधनातही दिसलेलं आहे. अशी नोंद वहीत जबरदस्तीने करू नका. ते ऋण वेगळ्या पानावर लिहा आणि शक्य तेव्हा फेडून मोकळे व्हा.

चौथ्या गोष्टीबद्दल मला तळमळीने बोलायचं आहे. आपल्याकडे कृतज्ञतेचा वापर गप्प बसवण्यासाठी फार होतो, आणि तो बहुतेकदा घरातल्या बायकांवर, कंत्राटी कामगारांवर आणि मुलांवर होतो. 'खायला-प्यायला आहे ना, मग समाधान मान.' 'नोकरी आहे हेच नशीब.' याला कृतज्ञता म्हणू नका. रस्त्याला खड्डा असेल तर तक्रार करा, ओव्हरटाइमचे पैसे राहिले असतील तर मागा. आणि त्याच संध्याकाळी, खड्ड्यात पडलेल्या दुचाकीस्वाराला उठवायला थांबलेल्या रिक्षावाल्याबद्दल वहीत लिहा. दोन्ही एकाच दिवसात मावतात. जो माणूस तुम्हाला मारतो, धमकावतो, पैसे अडवून ठेवतो, त्याच्या 'चांगल्या बाजू' मात्र वहीत शोधायच्या नाहीत. त्या शोधण्याने माणूस तिथेच अडकून राहतो. अशा वेळी वही बंद ठेवा आणि १८१ ही महिला हेल्पलाइन किंवा तातडीत ११२ लावा.

आणि वहीतली पानं स्टेटसला टाकू नका. वाचणारे आहेत म्हटल्यावर हात आपोआप सजवून लिहायला लागतो.

पाण्याच्या ग्लासामागची माणसं

यादीचा कंटाळा आला की हा सराव करा. महिन्यातून एकदा पुरतो. रोजची एक वस्तू घ्या आणि ती तुमच्यापर्यंत कोणाकोणाच्या हातून आली ते मागे मागे शोधत जा.

नवी मुंबईत राहत असाल तर नळाचं पाणी घ्या. ते मुख्यतः खालापूरजवळच्या मोरबे धरणातून येतं, भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होतं, मग जलवाहिन्यांतून नोडानोडांत पोचतं. आता माणसं लिहा. रात्रपाळीला पंप सांभाळणारा. क्लोरीनचं प्रमाण तपासणारी. रस्ता खणून गळती दुरुस्त करणारी टोळी. ठरलेल्या वेळी वॉल्व्ह फिरवणारा कर्मचारी. सोसायटीत पहाटे पंप चालू करणारे वॉचमन काका. टाकीत उतरून ती घासणारा मुलगा. आणि अगदी तळाशी, धरणासाठी ज्यांच्या जमिनी आणि गावं गेली ते लोक. शेवटचं नाव लिहिताना हात थबकतो; थबकू द्या. कृतज्ञतेला अशी जाणीवही येऊन मिळते, आणि मग टाकी भरून वाहू देणं जमत नाही.

हे आपल्याकडे सणांच्या रूपाने आधीपासून आहे. चेंदणी कोळीवाड्यातून नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ अर्पण होतो. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत दसऱ्याला लेथ मशीनला झेंडूचे हार चढतात, पान्ह्यांना हळदकुंकू लागतं. ज्याच्यावर पोट चालतं त्याची आठवण ठेवायची, हीच त्यातली भावना. सण वर्षातून एकदा येतो; वहीत ते लहान प्रमाणात आणि माणसांच्या नावानिशी होतं, एवढाच फरक.

पत्र

तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात एक पत्र लिहा. सेलिगमन यांच्या त्याच अभ्यासात सगळ्यात मोठी उडी या सरावाने दिसली होती: ज्याचे कधी नीट आभार मानले नाहीत अशा माणसाला पत्र लिहायचं आणि स्वतः जाऊन द्यायचं. हा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो, त्यामुळे वहीला पर्याय म्हणून पत्र पुरणार नाही. पण वर्षातून दोन-तीनदा करावंच असं हे काम आहे.

माणूस निवडताना जवळच्या नात्यापेक्षा थोडं लांबचं निवडा: शाळेतल्या बाई, पहिल्या नोकरीतले साहेब, तुम्ही कामावर असताना मुलीला रोज दुपारी घरात घेणाऱ्या शेजारच्या काकू. साधारण तीनशे शब्द, म्हणजे वहीचं दीड पान. त्यात त्यांनी केलेली एकच ठळक गोष्ट, शक्य तितक्या तपशिलात. त्या वेळी तुमची परिस्थिती काय होती. आणि त्याचं पुढे तुमच्या आयुष्यात काय झालं. 'तुम्ही खूप चांगल्या आहात' अशी वाक्यं गाळा. 'बारावीच्या निकालानंतर तुम्ही बाबांना फोन करून अर्धा तास समजावलंत, म्हणून मला डिप्लोमाला जाता आलं' असं लिहा.

पत्रासोबत कुठलंही काम काढू नका. नोकरीसाठी शब्द टाका, लग्नाला या, हे पुढच्या भेटीला. मोठी भेटवस्तूही नको. ती नेली की समोरचा माणूस परतफेडीच्या विचारात पडतो. फार तर फुलं न्या. भेटीला जाताना आधी 'आभार मानायला येतोय' असं जाहीर करू नका. 'बरेच दिवसांत भेट नाही, शनिवारी येऊ का?' एवढं पुरे. बसल्यावर पत्र वाचून दाखवा. आवाज अडखळला तर अडखळू द्या. वाचणं अगदीच जमणार नसेल तर हातात द्या आणि त्यांचं वाचून होईपर्यंत शेजारी बसा.

आपल्या घरांत शब्दांनी आभार मानायची पद्धत कमी. 'अगं, त्यात काय एवढं', 'परकं केलंस की काय' अशीच उत्तरं येतील. ती नम्रता असते. वाद घालू नका, पुन्हा पटवूही नका, चहा घ्या. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल ही भीती आपण फुगवतो, हे अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये तपासून दाखवलं आहे. पत्र लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना अवघडलेपण कमी आणि आनंद जास्त झाला होता. व्यक्ती हयात नसेल तरी पत्र लिहा. ते वहीतच राहू द्या, किंवा त्यांच्या मुलांना दाखवा.

वजाबाकी

काही लोकांना 'काय काय मिळालं' हे आठवून काहीच वाटत नाही. त्यांच्यासाठी उलटा रस्ता आहे. मिंकयुंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की चांगली घटना घडली हे आठवण्यापेक्षा ती घडली नसती तर, असा विचार लिहून काढल्यावर लोकांना जास्त बरं वाटलं. पद्धत अशी: आयुष्यातली एक चांगली भेट किंवा वळण घ्या. जिवलग मैत्रीण, आताचं घर, आवडतं काम. मग ते कोणकोणत्या बारीक योगायोगांवर उभं होतं ते लिहा. त्या दिवशी नेहमीची टीएमटीची बस चुकली नसती तर? ब्रोकरने कळव्याऐवजी वर्तकनगरची खोली दाखवली नसती तर? पाऊणएक पान लिहून थांबा आणि शेवटची ओळ वर्तमानात लिहा: पण ते झालं.

इथे एक खबरदारी घ्या. वजाबाकी भेटीची करायची, माणसाची नाही. 'मूल नसतं तर', 'आईला काही झालं तर' असल्या कल्पना करू नका. ज्यांचा स्वभाव मुळात काळजीचा आहे त्यांनी हा सराव टाळलेलाच बरा. त्यांचं मन तेच काम रात्रंदिवस फुकट करत असतं.

मुलांसोबत

मुलांना वही लिहायला लावू नका. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी जेफ्री फ्रो आणि सहकाऱ्यांनी जो अभ्यासक्रम तयार केला त्यात तीन गोष्टी शिकवल्या होत्या: समोरच्याने मुद्दाम केलं का, त्याला त्यासाठी काय सोसावं लागलं, आणि मला काय मिळालं. जेवताना एवढंच विचारा: 'आज तुझ्यासाठी कोणी मुद्दाम काय केलं?' उत्तर आलं की, 'त्यासाठी त्याला काय करावं लागलं असेल?' मूल 'कोणीच काही नाही' म्हणालं तर तेही ऐकून घ्या. कदाचित दिवस खरंच वाईट गेला असेल आणि बोलायला तेच दार असेल. 'थँक्यू म्हण' असा चारचौघांतला हुकूम मात्र सोडून द्या.

फरक पडतोय का, हे कसं कळेल

या सवयीचा परिणाम खरा आहे, पण लहान आहे. अनेक अभ्यास एकत्र करून पाहणारी परीक्षणं २०१६ आणि २०२१ मध्ये आली, त्यांतून हेच दिसतं. नैराश्य आणि चिंता यांवर वही हा उपचार नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत खाली असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर वही लिहून बरं होण्याची वाट पाहू नका. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्यावरची संस्था १९९० पासून काम करते आहे. जवळचं माणूस नुकतंच गेलं असेल तरी काही महिने हा सराव नको. दुःखाला त्याचा वेळ द्यावा.

बाकीच्यांनी मोजून बघावं. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक मोजपट्टी आहे, तीन मिनिटांत होते. गेल्या दोन आठवड्यांत मी आनंदी आणि प्रसन्न होतो का. शांत आणि निवांत होतो का. उत्साही आणि कामाला तत्पर होतो का. सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का. माझा दिवस मला रस वाटणाऱ्या गोष्टींनी भरलेला होता का. प्रत्येकाला ० ते ५ गुण: ० म्हणजे कधीच नाही, ५ म्हणजे सतत. बेरजेला ४ ने गुणा, १०० पैकी आकडा मिळेल. वहीच्या शेवटच्या पानावर पहिल्या दिवशीचा आकडा लिहा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा काढा. दहा गुणांची वाढ लक्षणीय मानतात. ४ ने गुणण्याआधीची बेरीज १३ च्या खाली असेल तर डॉक्टरांशी बोला; ही सूचना पहिल्याच दिवसाच्या आकड्यालाही लागू आहे.

दुसरं मोजमाप घरच्यांकडे आहे. सहा आठवड्यांनी वही न दाखवता विचारा, 'माझी चिडचिड कमी-जास्त वाटते का?'

आकडा हललेला नसेल तर आधी नोंदी उघडून बघा. त्यात शीर्षकं आहेत की चार ओळी? शीर्षकं असतील तर अजून चार आठवडे नीट लिहून पाहा. नोंदी नेमक्या असूनही काही वाटत नसेल तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही. वेळ फुकट गेला असं समजू नका, पण ओढतही राहू नका. तीच दहा-बारा मिनिटं तलावपाळीच्या फेरीला द्या, किंवा ज्याच्याशी बोललं की बरं वाटतं अशा माणसाला फोन करा.